जागल्याच्या सात हाका

१

सुनेला घरात येऊन अकरा वर्षं झाली होती, पण कापडमावशींची तिच्याबद्दलची तक्रार काही जुनी होत नव्हती. दर महिन्याला तिला नवी पालवी फुटायची. सध्याची तक्रार अशी, की सून अर्धंच बोलते. चहा कसा झालाय विचारलं तर "बरा आहे." पाय दुखतायत का, तर "ठीक आहेत." आता बरा म्हणजे साखर जास्त की कमी, आणि ठीक म्हणजे दुखतायत की थांबलेत, हे ओळखायला सासूनं काय ज्योतिष शिकायचं? बरं, मुकी म्हणावी तर तसंही नाही. हॉस्पिटलात त्या पडद्यापुढे बसली की मशीनला सगळं पूर्ण वाक्यांत सांगते. "खाट तीन, पेशंट कुशीवर झोपलाय, श्वास व्यवस्थित आहे, घंटा चुकून वाजली." मशीनला एवढा खुलासा आणि सासूला 'बरा आहे'.

ही तक्रार मावशी रोज सकाळी बसमध्ये शेजारी बसेल त्या बाईला ऐकवत. त्या दिवशीही ऐकवून झाली. सात वाजता त्या हॉस्पिटलच्या मागच्या दारानं आत शिरल्या, आणि पाहतात तर जनरल वॉर्डाच्या दारात हीऽ गर्दी.

हॉस्पिटल बेताचंच. खाली सोळा खाटांचा जनरल वॉर्ड, वर आठ खाटांचा आयसीयू, आणि जिन्याखाली कापडखोली. कापडखोली म्हणजे मावशींचं राज्य. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे डगले, पांघरुणं, सगळं तिथे धुतलं जाई, वाळे आणि घडी होऊन वर जाई. मावशी शाळेत दुसरीपर्यंत गेलेल्या. अक्षरं त्यांना अजून हुलकावण्या देत, पण आकड्यांत त्यांना फसवणारा माणूस जन्माला यायचा होता. तेवीस वर्षांत एकही कापड चुकीच्या खाटेवर गेलं नाही, हे त्या दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवतच. परवापासून ड्रायर रुसून बसला होता आणि निम्मी धुणी ओली पडली होती, तरी मावशींनी एक खाट उघडी राहू दिली नव्हती.

"काय झालं?" त्यांनी वॉर्डबॉयला विचारलं.

"मावशी, पहाटे पाचला जागल्या पिसाळला."

जागल्या म्हणजे तेच मशीन. दहा महिन्यांपूर्वी आलं. प्रत्येक खाटेवर छताला एक छोटा कॅमेरा, आणि सिस्टरच्या टेबलावर एक मोठा पडदा. झोपलेल्या माणसाचा श्वास, चेहरा, तळमळ बघून हे यंत्र ठरवणार, की याची तब्येत बिघडायला लागलीय की नाही. शून्य ते शंभर आकडा. ऐंशीच्या वर गेला की घंटा. एका आजीबाईंचा श्वास ऑपरेशननंतर मंदावत होता, तेव्हा माणसांच्या आधी यानं हाक मारली होती. तेव्हापासून पेशंटांनीच त्याला जागल्या हे नाव ठेवलं.

आज मात्र त्यानं एकदम सात जणांच्या नावानं घंटा वाजवली. ड्युटीवरचा डॉक्टर बूट न घालता धावला. पहिला पेशंट घोरत होता. दुसरा डोळे चोळत म्हणाला, "चहा आला का?" तिसऱ्यानं उठवल्याबद्दल रागावून कूस बदलली. डॉक्टरनं पुढच्या चौघांवर लांबूनच नजर टाकली आणि मशीनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पाच वाजून दहा मिनिटांनी कुणीतरी जागल्याचं तोंडच बंद केलं.

"कुणी?"

वॉर्डबॉय बुटांकडे बघायला लागला. "सिस्टरच्या पासवर्डनं बंद झालंय. म्हणजे... तुमच्या सूनबाईंच्या."

गर्दीच्या मधोमध मॅनेजरबाई उभ्या होत्या. त्यांच्यासमोर रात्रपाळी करून आलेली सून, टोपी हातात घेऊन.

"मशीनशी कुणीतरी खेळलंय," मॅनेजरबाई म्हणाल्या. "पेशंटांच्या जिवाशी खेळ आहे हा. तुम्ही ते बंद का केलंत, सिस्टर? शेवटचं विचारते."

"मला काही सांगायचं नाही," सून म्हणाली.

"मग चार वाजता सगळ्यांसमोर बसू. तोपर्यंत उत्तर नाही मिळालं, तर पत्र तयार आहे. उद्यापासून यायची गरज नाही."

२

सुनेला मावशी दिवसाला दहा वेळा बोलायच्या. तो त्यांचा हक्क होता आणि त्यात त्या कुणाला भागीदार करून घेत नसत. परक्या बाईनं गर्दीत त्यांच्या सुनेला उभं करून बोलावं, हे त्यांच्या पचनी पडणारं नव्हतं. त्यांनी पदर खोचला, मळक्या कपड्यांची ढकलगाडी घेतली आणि सुनेला जिन्याखाली गाठलं.

"काय केलंस?"

"काही नाही, आई."

"काही नाही करून नोकरी जात नसते. काहीतरी करावं लागतं."

सून हसली नाही. "आई, तुम्ही यात पडू नका."

"मी कशात पडायचं आणि कशात नाही, ते तू ठरवणार?"

"या वेळी ठरवू द्या," सून म्हणाली आणि औषधांच्या खोलीत गेली.

मावशी गाडीच्या दांड्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. अकरा वर्षांत ही पोर खोटं बोललेली त्यांना आठवत नव्हती. खोटं बोलायची वेळ आली की ती गप्प बसायची. म्हणजे ती काहीतरी लपवत होती. आणि स्वतःसाठी लपवणाऱ्यांतली ती नव्हती. घरात काचेचं भांडं फुटलं तरी आवाज विरायच्या आत "माझ्या हातून फुटलं" म्हणून मोकळी व्हायची.

मग ती कुणासाठी तोंड शिवून बसली होती?

मळक्या कपड्यांच्या गाडीला हॉस्पिटलात कुठलंही दार बंद नसतं. मावशींनी गाडी ढकलली ती सरळ थोरल्या डॉक्टरांच्या खोलीत.

३

थोरले डॉक्टर सत्तरीचे. हातात अजून सुरी थरथरत नव्हती, पण जिभेला कधीच लगाम नव्हता. जागल्याला ते 'डबा' म्हणत.

"या मावशी. तुमच्या सुनेनं डब्याचं तोंड बंद केलं, तिला माझ्याकडून पेढे."

"तिची नोकरी जातेय, आणि तुम्हाला पेढे सुचतायत." मावशींनी त्यांचा टॉवेल ओढून गाडीत टाकला. "खरं सांगा डॉक्टर, तुम्ही तर नाही ना त्याच्यात हात घातलात? तुमचं त्याच्याशी पहिल्या दिवसापासून वाकडं."

डॉक्टर हसले. "मला माझ्या फोनमधलं घड्याळ लावता येत नाही. परवा दुपारच्या झोपेसाठी गजर लावला, तो पहाटे वाजला. मी काय मशीन बिघडवणार?"

हे मावशींना पटलं. ऐन फेरीत गजर लावून देण्यासाठी त्यांनी डॉक्टरांना नर्सपुढे फोन धरलेलं स्वतः पाहिलं होतं.

"पण एक सांगतो," डॉक्टर म्हणाले. "मी पेशंटचा हात हातात घेतो. घाम, कातडी, डोळे बघतो. तो डबा वरून टकामका बघतो. त्यानं नक्की काय बघून ओरडायचं ठरवलं, हे तो सांगू शकत नाही. माझी खरी तक्रार ती आहे. चूक माझीही होते, पण मला विचारलं तर कारण देता येतं."

मावशींनी हे वाक्य मनात घडी करून ठेवलं आणि गाडी कॉम्प्युटरच्या खोलीकडे वळवली.

तिथे जागल्याचा इंजिनियर बसला होता. जाड भिंगांचा चष्मा, विस्कटलेले केस. मावशी त्याला चष्म्या म्हणत आणि तो ओ देत असे.

"चष्म्या, खरं सांग. तुझ्या लेकरानं घाण केली आणि तू ती माझ्या सुनेवर ढकलतोयस ना?"

"नाही हो मावशी. आत काही बिघडलेलं नाही. मी सकाळपासून तीन वेळा तपासलं. कुणी काही बदललेलंच नाही." त्याचा आवाज रडकुंडीला आला होता. "पुढच्या आठवड्यात दुसऱ्या हॉस्पिटलातले लोक बघायला येणार आहेत. मी कशाला बिघडवीन?"

"मग कॅमेऱ्यात काय दिसलं ते बघ की."

"चित्रं आम्ही ठेवत नाही. लोक झोपलेले असतात, कुणाच्या अंगावर धड कपडे नसतात. जागल्या बघतो, आकडा लिहितो आणि चित्र पुसतो. माझ्याकडे नुसते आकडे आहेत. रात्री दहाला सगळे पंधरा-वीसवर. वॉर्डातली थंडी वाढली, साडेचारनंतर एकेक आकडा चढत गेला आणि पाचपर्यंत सातही नव्वदीत. जिवंत माणसांचे आकडे असे अर्ध्या तासात चढत नाहीत."

"कुठल्या खाटा?"

त्यानं कागद दिला. मावशींनी बोट ठेवून आकडे वाचले. दोन, चार, पाच, नऊ, अकरा, बारा, चौदा.

हे आकडे त्यांच्या ओळखीचे होते. कुठे भेटले होते, तेवढं मात्र आठवेना.

४

जनरल वॉर्डात सकाळचा उत्सव चालला होता. मरता मरता वाचल्याचा मान सात जणांना मिळाला होता आणि उरलेले आठ जण त्यांच्यावर जळत होते. चार नंबरचे मास्तर येईल त्याला सांगत होते, "मी ब्याण्णव. शाळेत कधी एवढे मिळाले नव्हते." पाच नंबरवाल्याला एक्याण्णवच मिळाले, म्हणून तो खट्टू झाला होता.

नऊ नंबरवर घड्याळजी होते. बाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान. हर्नियाच्या ऑपरेशनला तिसरा दिवस. वॉर्डातला सगळ्यात बोलका माणूस.

"या मावशी. जागल्यानं मला... वर पाठवायचं ठरवलं होतं," ते म्हणाले. "पण वरच्यानं सांगितलं... याचं घड्याळ अजून चालू आहे."

सगळा वॉर्ड हसला. मावशीही हसल्या. घड्याळजींचे विनोद एरवी सुटलेल्या स्प्रिंगसारखे यायचे, आज दोन तुकड्यांत येत होते. पण त्यांनी चादर ओढून घेत पुढचा विनोद काढला आणि मावशींचं लक्ष तिकडे गेलं.

"रात्री थंडी वाजली का हो तुम्हा लोकांना?" त्यांनी विचारलं.

"वाजली म्हणजे? पहाटे दातावर दात," मास्तर म्हणाले. "पण तुमचं पांघरूण होतं. उबदार एकदम. साडेचारला डोक्यावरून घेतलं ते सिस्टरनं उठवेपर्यंत."

"मला तर उकडत होतं," घड्याळजी म्हणाले. "घड्याळवाल्याला... चावी जास्त बसली असेल."

त्यांच्या तापाचा कागद खाटेच्या पायथ्याशी लटकत होता. आठ वाजताचा ताप, काही नाही. सहा वाजता दुखण्याची गोळी दिलेली. सगळं ठीक.

मावशींनी वॉर्डाच्या कोपऱ्यातली मळक्या कपड्यांची पिशवी उचलली आणि दचकल्या. पिशवी नेहमीपेक्षा जड होती. चादरी बदलायची वेळ नऊची. आत्ता साडेआठच होत होते, तरी पिशवी गळ्यापर्यंत भरलेली. कुणी बदलल्या? वॉर्डबॉय म्हणाला, "सिस्टरनीच बदलल्या, पहाटे. मी म्हटलं मी करतो, तर नको म्हणाल्या."

मावशी कापडखोलीत आल्या, दार लावून घेतलं आणि पिशवी ओट्यावर उलटी केली. वर पांढऱ्या चादरी. खाली आणखी पांढऱ्या चादरी. आणि सगळ्यांच्या बुडाशी, कुणाला दिसू नयेत अशी दाबून बसवलेली, निळी पांघरुणं.

मावशींनी दाराची कडी पुन्हा एकदा तपासली.

५

निळी पांघरुणं आयसीयूची. जाड, लोकरी. आयसीयूत मशीनांसाठी गारठा ठेवावा लागतो, म्हणून तिथल्या आठ खाटांना निळी. खालच्या वॉर्डाला पातळ करडी. हा नियम कुठल्या फायलीत नव्हता. तो मावशींनी स्वतः घातला होता आणि तेवीस वर्षं डोळ्यांत तेल घालून पाळला होता.

काल संध्याकाळपर्यंत.

काल ड्रायर बंद. सात करडी पांघरुणं ओली. वॉर्डात सात माणसांना पांघरूण नाही आणि रात्री गारठा पडणार. मावशींनी कपाट उघडलं, सात निळी पांघरुणं काढली आणि स्वतः नेऊन सात खाटांच्या पायथ्याशी ठेवून आल्या. कुणाला बोलल्या नाहीत. सांगितलं असतं तर तेवीस वर्षांची फुशारकी तिथेच संपली असती.

त्यांनी खुंटीवरची वही काढली. मावशींच्या वहीत अक्षरं नव्हती. चादरीला आडवी रेघ, पांघरुणाला चौकोन आणि पुढे खाटेचा नंबर. कालच्या पानावर सात चौकोन होते. त्यांनी चष्म्याचा कागद शेजारी ठेवला.

दोन, चार, पाच, नऊ, अकरा, बारा, चौदा.

मावशी स्टुलावर बसल्या. सकाळपासून त्या ज्या माणसाला शोधत होत्या, तो सापडायला एका वहीएवढंच अंतर होतं. सून कुणासाठी गप्प होती, तेही आता लख्ख दिसलं. पण पांघरुणानं मशीन कसं चळतं? कापड ते कापड. रात्री दहाला ती पांघरुणं पायथ्याशीच होती, आणि आकडे शांत होते. पहाटे थंडी वाढली, लोकांनी ती अंगावर ओढली, आणि आकडे चढले.

थोरल्या डॉक्टरांचं वाक्य त्यांनी मनातून पुन्हा उलगडलं. नक्की काय बघून ओरडायचं ठरवलं, हे तो सांगू शकत नाही.

"सांगू शकत नाही," मावशी ओट्याकडे बघून म्हणाल्या, "पण करून दाखवू शकतो की."

६

चार वाजता वॉर्डात सगळे जमले. मॅनेजरबाईंच्या हातात पत्र होतं. सून भिंतीला टेकून उभी. मावशी पांढरी चादर आणि एक निळं पांघरूण घेऊन आल्या, आणि कुणाला काही कळायच्या आत सोळा नंबरच्या रिकाम्या खाटेवर चढून आडव्या झाल्या.

"मावशी, काय चाललंय?" मॅनेजरबाई म्हणाल्या.

"तपास. चष्म्या, जागल्याला जागं कर. या एकाच खाटेपुरतं."

चष्म्यानं पडद्यावर सोळा नंबर उघडला. मावशींनी पांढरी चादर गळ्यापर्यंत घेतली.

"किती?"

"बारा."

मावशींनी चादर भिरकावली आणि निळं पांघरूण ओढून डोळे मिटले.

घंटा वाजली. अख्खा वॉर्ड उठून बसला.

"एक्याण्णव," चष्म्या पुटपुटला.

थोरले डॉक्टर खिशातून रुमाल काढून डोळे पुसायला लागले. हसून हसून त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. "मावशी, तुम्ही गेलात."

"तुमच्या आधी तर मुळीच नाही," मावशी पांघरुणातून म्हणाल्या. "चादर?"

"बारा."

"निळं?"

"एक्याण्णव." चष्म्यानं डोक्याला हात लावला. "याला रंग कुणी शिकवला?"

"तूच. त्याला शिकवताना काय दाखवलंस?"

"जागल्या बसवायच्या आधी, परवानगी घेऊन याच हॉस्पिटलात वर्षभर काढलेली चित्रं. कोण पुढे अत्यवस्थ झालं आणि कोण सुखरूप घरी गेलं, तेवढं सांगितलं. कशाकडे बघायचं ते आम्ही सांगत नाही. ते तो स्वतः शोधतो."

"मग त्यानं माझा नियम शोधला," मावशी उठून बसल्या. "अत्यवस्थ माणूस आयसीयूत, आयसीयूत निळं पांघरूण. त्यानं श्वास मोजला, चेहरा बघितला, आणि सगळ्यात सोपं काय तर निळा रंग बघितला. आळशी पोरगं पुस्तक न वाचता मागची उत्तरं बघतं, तसं." मग त्यांनी मॅनेजरबाईंकडे तोंड केलं. "काल ती पांघरुणं खाली मी आणली. ड्रायर बंद होता आणि मी कुणाला सांगितलं नाही. तुमचं ते पत्र लिहायचं तर माझ्या नावानं लिहा."

वॉर्डात कुजबुज झाली. सून भिंतीपासून सरळ उभी राहिली.

"आई..."

"तू थांब. तुझा नंबर नंतर."

मॅनेजरबाईंनी पत्र उलटं केलं. सुनेला विचारलं, तेव्हा तिनं आता सांगितलं. पहाटे एका पेशंटची छाती तपासायला पांघरूण बाजूला केलं, तर पडद्यावरचा आकडा धाडकन खाली आला. परत घातलं, तर वर. कळलं. तिनं घंटा बंद केली, भराभर सगळी निळी गोळा केली आणि चादरी घातल्या.

"संपलं तर मग," थोरले डॉक्टर म्हणाले. "सातही घंटा खोट्या. डबा भंगारात घाला आणि मला घरी जाऊ द्या."

"ती सात पांघरुणं माझ्यासमोर ठेवा," मॅनेजरबाई म्हणाल्या. "मोजून वर पाठवते."

७

मावशींनी पांघरुणं आणली आणि टेबलावर एकेक ठेवायला लागल्या. एक, चुरगळलेलं. दुसरं, मास्तरांच्या तेलाचा वास येणारं. तिसरं, चौथं, पाचवं, सहावं, सगळी माणसांच्या झोपेनं मळलेली. सातवं हातात आलं आणि मावशींचा हात थांबला.

सातव्याची घडी मोडलेलीच नव्हती. वर नाडीची गाठही तशीच. मावशींची गाठ. दोन वेढे आणि खाली दडपलेलं टोक. ही गाठ सोडली की पुन्हा तशी बांधणारं या इमारतीत दुसरं कुणी नव्हतं.

"काय झालं मावशी? सात आहेत ना?"

"सात आहेत," मावशी हळू म्हणाल्या. "पण अंगावर सहाच घेतली गेली."

कुणाला काही कळलं नाही.

"निळं अंगावर घेतलं म्हणून सहा जणांच्या घंटा वाजल्या. मग ज्यानं हे अंगावर घेतलंच नाही, त्याच्यासाठी जागल्या कशाला बघून ओरडला?"

सून टेबलाजवळ आली. "मी... एक पांघरूण स्टुलावरून उचललं होतं. कुठल्या खाटेच्या, ते बघितलं नाही."

मावशींनी बघितलेलं नव्हतं, पण त्यांनी सकाळी ऐकलं होतं. सगळ्यांचे दातावर दात वाजत होते, तेव्हा एका माणसाला उकडत होतं. त्याचे विनोद दोन तुकड्यांत येत होते.

"नऊ नंबर," त्या म्हणाल्या.

त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत सून खाटेजवळ पोचली होती. घड्याळजी डोळे मिटून पडले होते. सगळ्या गंमतीत ते एकदाही हसले नव्हते, हे आता सगळ्यांच्या लक्षात आलं. सुनेनं त्यांच्या छातीवर हात ठेवला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मिनिटभर श्वास मोजले.

"चौतीस. अंग भट्टी झालंय. सकाळच्या गोळीनं ताप झाकला गेला होता."

"नऊ नंबर चालू कर," मावशी चष्म्याला म्हणाल्या.

पडद्यावर घड्याळजी दिसले. पांढऱ्या चादरीत. आकडा सत्त्याऐंशी.

थोरल्या डॉक्टरांनी तपासायची नळी छातीला लावली. त्यांचं हसू केव्हाच मावळलं होतं. "खालच्या बाजूला न्यूमोनिया. वर घ्या, लगेच." आणि खाट ढकलायला त्यांनी स्वतः हात लावला. लिफ्टच्या दारात ते मागे वळून चष्म्याला म्हणाले, "पहाटे पाचला कळलं होतं याला. आम्हाला आत्ता कळतंय."

८

दोन दिवस मावशी सुनेशी बोलल्या नाहीत. मॅनेजरबाईंनी पत्र फाडलं, तरी नाही. माणूस वाचतो की नाही हे कळेपर्यंत निकाल द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी आयसीयूतून निरोप आला, की घड्याळजींनी नर्सला एक विनोद एका दमात सांगितला आणि नर्सला तो कळला नाही, म्हणून दुसऱ्यांदा सांगितला. मावशींनी कापडखोलीचं दार उघडं ठेवलं आणि हसून घेतलं.

बाकी हॉस्पिटलही बदलत होतं. चष्म्या आता रोज कापडखोलीत येऊन बसायचा आणि वरच्या-खालच्या वॉर्डात आणखी काय काय वेगळं असतं ते विचारायचा. मावशी त्याला उशा, अभ्रे, बेडपॅनची झाकणं, सगळं दाखवत आणि तो वहीत लिहून घेई. जागल्याला आता रंगीबेरंगी पांघरुणांतली धडधाकट माणसं दाखवून नव्यानं शिकवणं चाललं होतं. त्यासाठी मास्तर घरी गेल्यावरही तासभर येऊन वेगवेगळ्या रंगांखाली झोपून जात. थोरले डॉक्टर त्याला अजून डबा म्हणत, पण त्यांनी एक नियम काढला होता. डब्यानं सात हाका मारल्या, तर पहिल्या तिघांना बघून परत फिरायचं नाही, सातही खाटांवर हात लावायचा.

संध्याकाळी पाळी बदलताना सगळे सिस्टरच्या टेबलाशी जमले होते. मॅनेजरबाई, डॉक्टर, चष्म्या, दोन वॉर्डबॉय. मावशी ढकलगाडी घेऊन आल्या आणि सुनेसमोर उभ्या राहिल्या.

"आई, घरी बोलू या का?" सून हळूच म्हणाली.

"घरी नाही. इथेच." मावशींनी गाडी बाजूला सारली. "का गप्प बसलीस, ते सांग आधी."

"तेवीस वर्षांत एक कापड चुकलं नाही, असं तुम्ही रोज सांगता. ते माझ्या तोंडून मोडायला नको वाटलं."

"ऐक मग. तू हुशार आहेस. जे या चष्म्याला दिवसभरात कळलं नाही, ते तुला पहाटे दहा मिनिटांत कळलं. हे मी घरी कधी म्हणणार नाही, म्हणून इथे साक्षीदारांसमोर म्हणतेय. पण त्या दहा मिनिटांत तू पेशंटांची सिस्टर नव्हतीस, माझी सून झालीस. माझी अब्रू गोळा करत फिरलीस आणि त्या माणसाच्या अंगावर काय आहे ते बघायचं राहिलं. मशीन चुकलं तर तू त्याला धडधडीत सांगतेस, म्हणून ते सुधारतं. मग मी काय त्याच्याहून गेलेली आहे? यापुढे माझं चुकलं की सांगायचं. चारचौघांत, मोठ्यानं, पूर्ण वाक्यात. मी चिडेन, भांडी आपटेन, दोन दिवस तोंड फिरवून बसेन. तेवढं तू सोसायचं. एक माणूस जिवंत घरी जात असेल, तर माझा राग काहीच नाही."